हळदीच्या ताटातली राणी

ड्यूटीवरून आल्यावर मी बूट काढून होईपर्यंत माझ्याशी कोणी बोलायचं नाही, हे आमच्या आर्वी डेपोत सगळ्यांना ठाऊक आहे. अठरा वर्षं झाली मला सरकारी लाल बसवर कंडक्टर होऊन. एका हाताने दांडा धरायचा, दुसऱ्याने मशीनचं बटण दाबायचं आणि तोंडाने "मागं सरका, मागं सरका" चालू ठेवायचं. पोटऱ्यांवर निळ्या शिरा वर आल्यात. डॉक्टर म्हणतो, जास्त उभं राहू नका. घ्या! जसं काही मी हौसेनं उभी राहते.

इंग्लंडच्या म्हाताऱ्या राणीची अंत्ययात्रा टीव्हीवर दाखवत होते, त्या दुपारीही मी नुकतेच बूट काढले होते. आमच्या रेस्टरूममध्ये भिंतीला एक टीव्ही टांगलेला आहे. त्याचा आवाज कमी होत नाही, म्हणून नको असलं तरी सगळं ऐकावंच लागतं. माझ्या गाडीचा ड्रायव्हर डबा उघडत म्हणाला, "मॅडम, पाहून राह्यल्या का? शहाण्णव वर्षांची बुढी. मरायच्या दोन दिवस आंधी काठी धरून उभी होती, नव्या मंत्र्याशी हात मिळवून राह्यली होती. आपल्यालेच रजा भेटत नाई असं नाई, तिले बी नाई भेटली."

मी म्हटलं, "भाऊ, तिले पगार किती अन् आपल्याले किती, ते बी पाहा न."

खरं सांगते, त्या बाईबद्दल मला कधी काही वाटलं नव्हतं. वाटायचं काय कारण? त्यांच्या लोकांनी आमच्या भागातला कापूस गाड्या भरभरून नेला. पुलगाव-आर्वीचे ते अरुंद रूळसुद्धा कापसासाठीच टाकलेले, माणसांसाठी नव्हे. पण पाय सुजलेले असले की माणूस कोणाच्याही पायांकडे बघतो. सत्तर वर्षं ही बाई उभी. फीत कापायला उभी, सलामी घ्यायला उभी, हात हलवायला उभी. आणि कपडे कसे, तर पोपटी, गुलाबी, हळदी पिवळे. बातम्या सांगणारी पोरगी म्हणत होती की गर्दीत मागच्या माणसाला दिसावं म्हणून ती असे भडक रंग घालायची. नवरा गेल्यावरसुद्धा घालायची. मी हातातली पोळी तशीच धरून ऐकत राहिले.

नवरा गेला तेव्हाचं तिचं चित्रही दाखवलं. करोनाचे दिवस होते. एवढ्या मोठ्या चर्चमध्ये ती एका बाकावर एकटीच बसलेली, काळे कपडे, तोंडाला काळा मास्क, मान खाली. ते बसणं मात्र मी ओळखलं. माझा नवरा याच डेपोत ड्रायव्हर होता. चालत्या गाडीत त्याच्या छातीत कळ आली. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. गाडीतल्या एकाही माणसाला खरचटलं नाही. लोक अजून मला सांगतात, वहिनी, देवमाणूस होता. असेल. मला सात वर्षांची पोरगी आणि अनुकंपेची नोकरी देऊन देवमाणूस निघून गेला.

खाकीचा एक फायदा मात्र झाला. विधवेनं कोणता रंग घालावा, कोणता घालू नये, यावर आमच्याकडे अख्ख्या गल्लीला मत असतं. खाकीवर कोणाचं मत नसतं. तिला सवाशीण-विधवा काही नाही. म्हणून मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा कधी कधी खाकीच घालून बाजारात जायची. ती म्हातारी पिवळ्या रंगात उभी राहायची दिसावी म्हणून, मी खाकीत फिरायची ती दिसू नये म्हणून.

तर टीव्हीवर मग घराण्याची गोष्ट सुरू झाली. या राणीची खापरपणजी, तीही राणीच, आपल्या देशावर राज्य करणारी. पडद्यावर एक जाड म्हातारी आली. काळा घोळदार झगा, डोक्यावर पांढरी ओढणी, चेहरा असा की हसण्याशी काही संबंध नाही. भर संसारात नवरा गेला, म्हणे. तेव्हापासून मरेपर्यंत चाळीस वर्षं काळे कपडे. रोज सकाळी मेलेल्या नवऱ्याच्या दाढीसाठी गरम पाणी ठेवायला लावायची. कितीतरी वर्षं लोकांसमोर आलीच नाही. आणि हे सांगत असताना त्यांनी पडद्यावर एक चांदीचं नाणं दाखवलं.

राणीछाप! माझ्या हातातली पोळी डब्यात पडली.

राणीछाप रुपया आमच्याकडे कोणाला सांगावा लागत नाही. जुन्या घरांत चांदीचा एखादा तरी असतोच. कोणाच्या आजीच्या गळ्यात अख्खी माळ, कोणाच्या देव्हाऱ्यात एकच. आमच्या घरचा एकच आहे. सासूच्या सासूकडून आलेला, लाल कापडात गुंडाळून डबीत ठेवलेला. त्यावरची राणी तरुण आहे. डोक्यावर मुकुट, गळ्यात हार, अंगावर वेलबुट्टीचं भरजरी. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या ताटात तिला बसवायचं. दुधानं धुवायचं, हळद-कुंकू वाहायचं. आणि घरात लग्न निघालं की पहिल्या हळदीच्या वाटीत हा रुपया टाकायचा, मग पाच सवाशिणींनी ती हळद नवरीला लावायची. लक्ष्मी हाताशी असली की संसार भरलेला राहतो, असं सासू सांगायची. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.

मी नवी सून होते तेव्हा हा रुपया मीच धुवायची. रांगोळीच्या पुडीनं घासला की लखलख करायचा. नवरा गेला त्या वर्षीच्या दिवाळीत सवयीनं डबी घ्यायला गेले, तर आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "राहू दे. धाकटी करन." माझी धाकटी जाऊ स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तिनं माझ्या हातातून डबी घेतली. आत्याबाई त्यात वाईट काही बोलल्या नाहीत. त्या स्वतःही विधवाच, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासूनच्या. त्यांनी स्वतःला जे लावलं तेच मला लावलं. म्हणून भांडायला जागाच नव्हती.

आणि आता टीव्हीवरची पोरगी सांगत होती की ही राणी म्हणजे चाळीस वर्षांची विधवा. घरी जाऊन मी डबी उघडली आणि रुपया पोरीच्या हातात दिला. पोरगी वर्ध्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, बारीक अक्षर वाचायची तिला सवय. तिनं मोबाईलवर शोधलं, रुपयावरचं साल वाचलं आणि म्हणाली, "आई, नवरा गेल्यावर वीसेक वर्षांनी पाडलेला आहे हा."

म्हणजे बाई तिकडे काळ्या झग्यात बसून राहिली होती, आणि इथे तिला हार घालून, मुकुट घालून सवाशीण करून ठेवली होती. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या एका रांडावलेल्या बाईला दुधानं धुवून लक्ष्मी म्हणून पुजत होते, आणि घरातल्या खऱ्या विधवा दाराआड. मी इतकी हसले की पोरगी घाबरली. मग हसता हसता रडू आलं, ते मात्र लवकर थांबेना.

आत्याबाईंना मी काही सांगितलं नाही. कशाला? ऐंशी पार केलेल्या बाईचा देव काढून घेऊन मला काय मिळणार होतं? आणि दमून आलेल्या माणसाला भांडायचंही जिवावर येतं, हे कोणी लिहून ठेवत नाही. डबी परत जागेवर गेली.

यंदा पोरीचं लग्न ठरलं. मुलगा हिंगणघाटचा, जिनिंगमध्ये मशीनवर आहे, शांत आहे, पोरीनंच पसंत केला. लग्न आमच्या दारात, मांडव आमच्या अंगणात. मी आयुष्यात पहिल्यांदा सलग आठ दिवसांची रजा मागितली आणि चक्क मंजूर झाली. मनात एकच होतं. पोरीला पहिली हळद मी लावणार. बाकी मला काही नको होतं. मानाची साडी नको, फोटोत पुढे नको. जिला एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने वाढवली, तिच्या गालाला तेवढी हळद.

पोरीजवळ बोलले तर ती मेंदीचा हात हवेत धरून म्हणाली, "जाऊ दे न आई. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तिकडची माणसं असतील, उगाच तमाशा नको."

एका दिवसाचा प्रश्न! मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली. तिला वाटलं ती मला वाचवते आहे. बिचारीनं लहानपणापासून बघितलेलं होतं की हळदी-कुंकवाचं बोलावणं आलं की आई ड्यूटी लावून घेते. तिला वाटत असेल, आईला सवय आहे. सवय कसली आली डोंबलाची!

हळदीच्या आदल्या दुपारी आत्याबाई ओसरीवर खाटेवर बसून कामं वाटत होत्या. डोळ्यांना आता धूसर दिसतं, पण कोण कुठे उभं आहे ते बरोबर कळतं. जावेनं पाच सवाशिणींची नावं सांगितली. आत्याबाईंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "डबी काढ. रुपया घासून ठेव." आणि माझ्याकडे वळून, "अन् तू सैपाकाकडं पाय. उद्या हळदीच्या वक्ताले मांडवात येजो नको."

मला माहीत होतं त्या हेच म्हणणार. तरीही ऐकल्यावर पायातला सगळा थकवा डोक्यात गेला.

"नाई येत," मी म्हटलं. "पण मंग त्या बाईले बी नोका येऊ देऊ."

"कोणत्या बाईले?"

"डबीतल्या. तुमी जिले दुधानं धुता न आत्याबाई, ते बी माह्यासारखीच होती. नवरा मेल्यावर चाळीस वर्षं काळं नेसून बसली. हा रुपया पाडला तवा तिले विधवा होऊन वीस वर्षं झालती. पुसा तुमच्या नातीले."

जाऊ रुपया घासता घासता थांबली. आत्याबाईंनी हात पुढे केला, जावेनं रुपया त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, दिसेना तेव्हा अंगठ्यानं चाचपला. नाक, मुकुट, गळ्यातला हार.

"इच्या गयात तं हार हाय," त्या म्हणाल्या.

"पाडणाऱ्यानं घातला. तिनं नाई."

मग त्यांनी विचारलं, "पोरी होत्या का इले?"

"होत्या."

"मंग त्याहिच्या लग्नात हे कुठं होती?"

हे मला ठाऊक होतं, कारण तेव्हा मोबाईलवर मीही पोरीला हेच वाचायला लावलं होतं. मी सांगितलं. नवरा गेल्यावर पहिल्या पोरीचं लग्न तिनं घरच्या घरात उरकलं. लग्न कसलं, तेरवीच ती. सगळे काळ्यात, ही कोपऱ्यात बसून रडत होती. पण पुढच्या पोरीच्या लग्नाच्या वेळी तिनं स्वतः पोरीला हाताला धरून चर्चमध्ये नेलं. काळेच कपडे घालून, भर लोकांत. बापानं करायचं कन्यादान तिनं केलं.

"अन् पोरगी? नांदली?"

"नांदली न. पोरंबाळं झाली. म्हातारी होऊन मेली."

आत्याबाईंनी रुपया पदराला पुसला आणि जावेला परत दिला. "घास," म्हणाल्या. बस. मी उठून चुलीकडे गेले. मनात म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी. तुझं तोंड कशाला उघडलंस बाई? जाऊ मागून आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मले बी वाईट वाटते. पण मी काय करू?" तिला तरी मी काय सांगणार होते. मी कणीक तिंबत राहिले.

सकाळी मांडवात पाट मांडला, पोरगी बसली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तिचे पाय बघत होते, कारण खिडकीतून तेवढेच दिसत होते. पायांना मेंदी होती, बोटांत जोडवी नव्हती अजून, ती दुसऱ्या दिवशी यायची. पाच जणी गोळा झाल्या. जावेनं वाटी आणली. तेवढ्यात आत्याबाईंचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"रुपया टाकला का वाटीत?"

"टाकला आत्याबाई."

"काढ."

कोणीतरी कारण विचारलं, काऊन वो? आत्याबाई म्हणाल्या, "विधवा बाईचा रुपया व्हय थो. पोट्टीच्या हळदीत नोको. काढ."

मी खिडकीशी उभी होते ती तशीच राहिले. म्हणजे सगळं ऐकून म्हातारीनं हे केलं! मला आत घ्यायचं सोडून राणीलाही बाहेर काढली. दीडशे वर्षांची लक्ष्मी एका रात्रीत पांढऱ्या पायाची झाली. जाऊ खाली मान घालून आत आली, हळदीनं माखलेला रुपया माझ्या हातावर ठेवून पळाली. मी नळाखाली धरला. मला त्या निर्जीव चांदीच्या बाईचाही राग आला. माझ्या एका बोलण्यानं तिचंही ताट गेलं होतं. मला आत्याबाईंना ओरडून काहीतरी लागेल असं बोलायचं होतं, पण तेवढंही बळ उरलं नव्हतं. इतकी दमले होते मी.

मागे पावलं वाजली. आत्याबाई भिंत धरत धरत आत आल्या होत्या. एका हातात हळदीची वाटी. त्या चुलीजवळच्या पाटावर टेकल्या, वाटी मांडीवर ठेवली. मी नळ बंद केला नाही.

"तुह्या नवऱ्याच्या हळदीले," त्या म्हणाल्या, "मी अथीच होती. या खोलीत. दार लावून. माह्या पोराच्या हळदीले मी बोट नाई लावलं. तोंड नाई दाखवलं. तुले मायीत हाय."

मला माहीत होतं. लग्नाच्या दिवशी सगळं आटोपल्यावर मी नमस्काराला वाकले, तेव्हा त्या याच दाराच्या आतून बाहेर आल्या होत्या.

"एवढं सारं पाळलं मी," त्या म्हणाल्या. "आपली सावली नको त्याच्या संसारावर म्हणून. मंग थो काऊन गेला?"

नळाचं पाणी वाहत होतं. मी बंद केलं. एवढी वर्षं मी समजत होते की या बाईला प्रश्नच पडत नाहीत.

"अन् त्या गोऱ्या बाईची पोरगी नांदली," त्या म्हणाल्या. "मायनं हात धरला तरी नांदली. म्हंजे आपल्या हातात काई नसते वो बाई. ना बरं, ना वाईट." मग त्यांनी वाटी माझ्यापुढे केली. "थो रुपया काढाले मीनंच सांगतलं, विधवेचा म्हटलं थे लोकायसाठी. मले त्याची हळद नाई पायजे आता. कोणाच्या रुपयाची नाई. तू चाल. पोट्टी वाट पाहून राह्यली."

मी म्हटलं, "लोक काय म्हणतीन?"

"म्हणतीन. म्हणू दे."

मी खाकीत नव्हते. लुगडंही नवं नव्हतं, कणकेनं भरलेलं होतं. त्या पुढे, मी मागे, अशा आम्ही दोघी बाहेर आलो. पाचही जणी बाजूला सरकल्या. हिंगणघाटहून आलेल्या एकीनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. मी वाटीत बोटं बुडवली. अठरा वर्षं हजारो माणसांच्या हातात तिकीट ठेवलेला माझा हात, तो नेमका तेव्हा वाटीतच अडला. पोरीनं माझं मनगट धरलं आणि स्वतःच्या गालाला लावलं.

"किती वेळ लावला आई," ती म्हणाली. एवढंच. तमाशा नको म्हणणारी माझी पोरगी ढसाढसा रडायला लागली, हळद वाहून मानेवर गेली.

मी वळून वाटी आत्याबाईंपुढे धरली. "तुमी बी लावा न आत्याबाई. तुमची नात व्हय."

त्यांनी वाटीकडे पाहिलं. बोटं उचललीसुद्धा होती, वाटीच्या काठापर्यंत आणली होती. मग परत घेतली.

"मले ज्याले लावाची होती, त्याले नाई लावली," त्या म्हणाल्या. "आता राहू दे."

आणि त्या भिंत धरून आत गेल्या.